विहिरीच्या काठावरून सूचना

मला पोहता येत नाही. विहिरीच्या काठावर उभं राहून सूचना मात्र उत्तम देता येतात.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन साखऱ्याला, आमच्या गावी जातो. शहरात ती कुंपणातल्या बागेत खेळते, तेही मी बाकावर बसलेलो असताना. गावात बाकच नाही. म्हणून यंदा पहिल्याच दिवशी नियम सांगितले: डोक्याला रुमाल, पायात चप्पल, दगडाखाली हात घालायचा नाही, विहिरीकडे फिरकायचं नाही. लेकीसह गल्लीतल्या सगळ्या पोरांनी शांतपणे ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी लेकीची चप्पल मला विहिरीच्या पायरीवर सापडली.

मी काठावरून वाकून पाहिलं. खाली दोन पुरुष खोल पाण्यात ती हातपाय मारत होती. पाठीला तेलाचा रिकामा कॅन, कमरेला दोर, दोराचं टोक माझ्या थोरल्या चुलतभावाच्या हातात. कॅनचं झाकण घट्ट आहे का, असं मी वरून विचारलं.

गावातली सगळी पोरं त्याच्याच दोरावर शिकली, मी सोडून. माझ्या लहानपणी गल्लीतलं एक पोरगं इथं बुडालं. त्याला पोहता येत नव्हतं. म्हणून वडिलांनी मला विहीर बंद केली आणि मलाही पोहता आलं नाही. यातली गडबड आमच्या घरात कुणाच्या लक्षात आली नाही.

मी लेकीला वर बोलावलं. चुलतभाऊ म्हणाला, "तू घरी जा. भेव तिला न्हाई, तुला हाय."

मी गेलो नाही. रोज काठावरून सूचना देत राहिलो. आठवड्याने कॅन सुटला, मग दोर सुटला. ती पोहत पलीकडे गेली आणि धाप मला लागली.

वर आल्यावर तिने विचारलं, "पप्पा, मी बुडाले असते तर तुम्ही काय केलं असतं?"

उडी मारली असती, मी खरं ते सांगितलं. ती उठली आणि कॅन घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी माझ्या पाठीला दोन कॅन बांधले. एक पुरणार नाही, असं चुलतभावाचं मत पडलं. तो पाण्यात माझ्याजवळ होता आणि दोर पायरीवर बसलेल्या लेकीकडे. तिने तो मनगटाला दोन वेढे देऊन धरला होता. वेढे काढ, मी बुडालो तर तूही ओढली जाशील, असं मी नाकातोंडात पाणी जात असताना सांगितलं.

"तुम्हीपण उडी मारणारच होता की," ती म्हणाली आणि तिसरा वेढा घेतला.