हजार माणसांमागे किती मोटारी

वाहतूक खात्यात ताईंची सगळी नोकरी एकाच कामात गेली. कोणत्या देशात हजार माणसांमागे किती मोटारी, आणि दर दशकाला तो आकडा कसा हलला, हे त्या मांडत. आलेखात श्रीमंत देशांची रेघ आधी चढली, मग दमल्यासारखी आडवी झाली. आपली उशिरा निघाली, पण कानात वारं शिरलेल्या वासरासारखी उधळली.

"साहेब, पुढच्यांना ठेच लागलीय. त्यांची शहरं आता रस्ते अरुंद करतायत," ताई म्हणाल्या.

"अहो, शेजारच्या देशाला आपण मागं टाकलं, ते पहिल्या पानावर घ्या की," साहेब म्हणाले. त्या पानाच्या जोरावर रस्तारुंदी मंजूर झाली. त्यात ताईंच्या घरासमोरचाही रस्ता होता.

ताईंचे वडील रोज संध्याकाळी समोरच्या न्हाव्याकडे बुद्धिबळ खेळायला जात. दोघंही खोटं खेळत आणि दोघांनाही ते ठाऊक होतं. रस्ता रुंद झाला, मधे लोखंडी कठडा आला. वडील काठी टेकत कडेला उभे राहिले. गाड्यांची रांग काही तुटेना. अंधार पडल्यावर ते परतले.

"बाबा, पादचारी पूल आहे ना?"

"माझ्या गुडघ्यांना विचार. ते हो म्हणाले तर मी तयार आहे."

मग ते खिडकीत बसू लागले. न्हावी दारातून हात हलवायचा. पुढेपुढे गाड्यांच्या गर्दीत वडिलांना तेवढंही दिसेना.

शेवटी ताईंनी जुनी गाडी घेतली. वडिलांना घेऊन न्हाव्याच्या दुकानात जायला लांबच्या चौकातून वळसा होता आणि चौक तुंबलेला. दोघं पोचली तेव्हा दुकान बंद होतं. त्यांनी शेजारच्या दुकानदाराला विचारलं.

"ते गेले की. महिना होत आला. तुम्ही तर समोरच राहता ना?"

ताईंनी गाडीतल्या वडिलांकडे पाहिलं. मागून हॉर्न सुरू झाले. वडिलांनी बुद्धिबळाचा पट मांडीवर घट्ट धरला होता.

"चल," ते म्हणाले, "मागचे खोळंबलेत."

त्यानंतर ते खिडकीत बसेनासे झाले. भिंतीकडे तोंड करून पडून राहत. ताई सकाळी त्यांना चहा देऊन निघत आणि कचेरीत पोचेपर्यंत गाडीत एकट्या बसून असत.