पोटातला संगणक

गल्लीत त्यांना सगळे टाकेवाल्या काकू म्हणतात. शाळेचे बिल्ले, बँडवाल्यांच्या टोप्या, डॉक्टरांच्या कोटावरची नावं, कापडावर दोऱ्याने जे काही उमटवायचं ते काकूंच्या पुढच्या खोलीतल्या मशीनवर. मशीन धट्टंकट्टं. नखरे सगळे नक्षी काढायच्या प्रोग्रामचे. तो इतका जुना, की नव्या संगणकावर चालायलाच तयार नाही. मग परगावी नोकरी करणाऱ्या लेकीने सुट्टीत येऊन शक्कल लढवली. जुना संगणक होता तसाच्या तसा नव्याच्या आत बसवून दिला. पडद्यावर एक खिडकी उघडायची, आणि तिच्यात तो जुना, त्याच्या निळ्या रंगासकट. काकूंनी त्याचं नाव ठेवलं पोटातला.

"आई, हा पोटातला म्हणजे शेवटी एक भलीमोठी फाईल आहे," लेकीने जाताना बजावलं. "दर रविवारी तिची कॉपी बाहेरच्या डिस्कवर करायची. पण आधी आतला बंद करायचा आणि मग कॉपी. समजलं?"

"समजलं गं बाई!"

कॉपी काकूंनी दर रविवारी केली, अगदी न चुकता. आतला मात्र एकदाही बंद केला नाही. त्याचं काय झालं होतं, तो खराखुरा जुना संगणक त्यांनी एकदा धूळ पुसायला म्हणून बंद केला, तो पुन्हा उठलाच नाही. लेकीने त्याची डिस्क तेवढी वाचवली. तेव्हापासून चालू आहे ते बंद करायचं काकू नावच काढत नसत. दुधाने तोंड पोळलं की लोक ताक फुंकून पितात, काकूंनी ताक पिणंच सोडलं होतं.

काका जन्मभर ट्रक चालवून आता घरी बसलेले. संगणकातलं त्यांना ओ की ठो कळत नाही, पण गप्प बसणंही जमत नाही. त्या रविवारी चहा घेता घेता ते म्हणाले, "अगं, एवढ्या कॉप्या करतेस, त्यातली एखादी कधी उघडून बघितलीस का? ट्रकला स्टेपनी आहे म्हणून भागत नाही, तिच्यात हवा आहे का ते बघावं लागतं."

"तुम्ही तुमचा ट्रक सांभाळा!"

"ट्रक गेला भंगारात. आणि तुझा हा डबा कालपासून कुरकुरतोय बघ, बेअरिंग गेल्यासारखा."

काकूंनी कान लावला. कर्र, कट. कर्र, कट. त्यांचा चेहरा उतरला. काकांचं तोंड बंद व्हावं म्हणून नव्हे, आता स्वतःच्याच धास्तीने त्यांनी बाहेरच्या डिस्कवरची कॉपी उघडली. काळा पडदा आणि पांढऱ्या अक्षरांची एक ओळ, बस्स. आधीच्या रविवारची उघडली. तेच.

"अहो, चिमणी गेली की हो!"

चिमणी म्हणजे लेकीने बालवाडीत असताना काढलेली, एक पाय आखूड असलेली चिमणी. काकूंनी ती टाका टाका जुळवून संगणकात उतरवली होती, आणि प्रत्येक कामाच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशी, ती बारीकशी भरायच्या. मूळ कागद कधीच हरवला होता. बाकीच्या नक्ष्या पुन्हा काढता आल्या असत्या. ही कोण काढणार?

लेकीला फोन लागला. काकूंनी कुरकुरीपासून काळ्या पडद्यापर्यंत सगळं सांगितलं. "आई, खरं सांग. आतला बंद करून कॉपी करत होतीस ना?"

"कॉपी करत होते गं, दर रविवारी."

"अगं, तो चालू असताना कॉपी केली की अर्धवट लिहिलेलं अर्धवटच उचललं जातं!"

"म्हणजे चालत्या ट्रकचं चाक बदलत होती ही," काकांनी मागून भर घातली.

"बाबा, थांबा हो! आई, संगणकाची डिस्क कुरकुरतेय, वेळ घालवू नकोस. आतला बंद कर आणि लगेच कॉपी कर."

"आणि उठला नाही तर?"

"डिस्क गेली तर तसाही उठणार नाही, आई."

काकूंनी माउस हातात घेतला. काका उठून खुर्चीमागे येऊन उभे राहिले. काकूंनी डोळे मिटून बटण दाबलं. खिडकी मिटली. कॉपीची हिरवी पट्टी गोगलगायीच्या चालीने सरकू लागली, आणि ती टोकाला पोचेपर्यंत काका एक अक्षर बोलले नाहीत. असं त्या घरात पूर्वी कधी घडलं नव्हतं.

मग काकूंनी नवी कॉपी उघडली. काळा पडदा. आणखी काळा पडदा. आणि मग तो ओळखीचा निळा रंग! नक्ष्यांच्या गर्दीत एका पायावर लंगडत चिमणी उभी होती. काकूंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "आली गं बाई माझी लंगडी!"

"हवा भरलीय," काका म्हणाले आणि त्यांनीही नाक पुसलं.

डिस्क बदलायला माणूस दुसऱ्या दिवशी येणार होता. काका चहाचे कप विसळायला आत गेले. काकूंनी आतला बंद केला, बाहेरची डिस्क काढून कपाटात ठेवली, आणि मग तो नवा संगणकही बंद केला, आणल्यापासून पहिल्यांदाच. त्याच्या पंख्याची घरघर थांबली आणि अख्खं घर शांत झालं.

काका ओल्या हातांनी धावत बाहेर आले. "अगं, काय बंद पडलं?"

"पडलं नाही काही," काकू पदराने पडदा पुसत म्हणाल्या. "मी बंद केलंय."