बेटीने पाय उचलला तेव्हा

परवा फेल्डहोवन या डच गावात सुपरमार्केटच्या दारात ओल्या कुत्र्याचा वास आला आणि मी पंधरा वर्षं मागे गेलो, थेट चिखलात, गुडघ्यांवर.

शेजारच्या यान आजोबांना नाही म्हणता येईना, म्हणून हिवाळ्यातल्या प्रत्येक शनिवारी मी सशांच्या शिकारीत अडकलेला असे. त्यांची म्हातारी कुत्री बेटी बिळं हुंगत जायची. रिकाम्या बिळाकडे ढुंकून बघायची नाही. आत ससा असला की पुढचा पाय उचलून पुतळ्यासारखी उभी राहायची. मग बिळाच्या सगळ्या तोंडांवर जाळी लावून, ससा हुसकून जाळीत आणायला मुंगसासारखा लांबुडका पाळीव फेरेट आत सोडायचा. वर पाऊल वाजलं तर ससा बाहेर पडत नाही, म्हणून आम्ही श्वाससुद्धा बेतानं घ्यायचो.

त्या दिवशी बेटी माझ्यासमोरच्याच बिळाशी पाय उचलून थांबली. मला सशाची दया आली. फेरेट आत गेल्यावर मी हळूच दोनदा टाच आपटली. फेरेट एकटाच बाहेर आला.

"चुकली," यान पुटपुटले. "आता हिला घरीच बसवतो."

हाका मारल्या तरी बेटी हलेना. पाय उचललेलाच.

"ती बरोबर आहे," शेवटी मी म्हणालो. "मीच पाय आपटला."

यान तिला थोपटत म्हणाले, "मग घरी तू बस."

मी सुटलो. शीळ घालत सायकल काढली.

पार्टीत हा किस्सा मी इथेच संपवतो आणि लोक हसतात. पण त्या दिवशी मी मागे वळून पाहिलं होतं. यान त्याच बिळावर पुन्हा जाळी लावत होते. आत ससा आहे, हे मीच तर त्यांना सांगितलं होतं.