खुडूक कोंबडी आणि माझं सूचनापत्रक

बाबांची कंबर गेली तेव्हा मी नववीत होते. नागपूरच्या लकडगंजातल्या एका लाकडाच्या टालीवर ते ओंडके उचलायचे. सागवानाचा एक ओंडका घसरला आणि पुढचे सहा महिने बाबा खाटेवर. टालीमागे आमची एकच खोली. तिच्यात आम्ही पाच माणसं आणि आईच्या सात कोंबड्या. लाकूड कापायच्या आरामशीनचा भुसा फुकट मिळायचा, तो त्यांच्याखाली पसरायचा. अंडी दोन गल्ल्यांत मी पोचवायची. पोळ्याच्या करीला, सणाच्या दुसऱ्या दिवशी, एखादा कोंबडा विकला जायचा. ते वर्ष त्या सात कोंबड्यांनी काढलं, आणि पुढे माझी फीसुद्धा त्यांनीच भरली.

आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. जनावरांची डॉक्टर झाले. हे मी आजही न लाजता सांगते.

'दुहेरी उपयोगाची कोंबडी' हा शब्द मला कॉलेजात भेटला. म्हणजे जिची अंडीही खाता येतात आणि कोंबडे मांसासाठी विकता येतात अशी. आईकडे तशाच होत्या. फक्त तिला तो शब्द माहीत नव्हता.

आता मूळ गोष्ट. ती माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षातली. पोस्टिंग सावनेर तालुक्यात. तिथल्या एका गावातल्या बायकांच्या गटाला कोंबड्या द्यायच्या होत्या. गटाची प्रमुख वेणूबाई. नवरा कोळशाच्या खाणीत, घरचा आणि गटाचा सगळा कारभार हिच्याकडे. पहिल्याच मीटिंगमध्ये तिने मला धारेवर धरलं.

"म्याडम, मागच्या टायमालेही पिल्लं भेटले होते. वर्षात सफाचट. आता हे संपले का पुन्हा तुमीच आनून देसान?"

"मी जूनमध्ये रिटायर होणार, वेणूबाई."

"मंग? तुमी गेल्यावर आमी कोनाच्या तोंडाकडे पाहाव?"

तिचं म्हणणं सरळ होतं. कळपाने स्वतःची पिल्लं स्वतः काढली तरच गट या भानगडीत पडेल. मी शब्द दिला. रिटायर व्हायच्या आत गावातल्याच अंड्यांतून गावातलीच पिल्लं दाखवीन.

ऑफिसात साहेबांचं वेगळंच.

"मॅडम, कडकनाथ द्या. काळी कोंबडी फोटोत उठून दिसते."

"साहेब, फोटो अंडी देत नाही. कडकनाथची अंडी कमी."

"मग ती रंगीत हायब्रिड द्या. अंडीच अंडी."

"हायब्रिडचं पिल्लू आईबापावर जात नाही. दर खेपेला नवीन आणावं लागतं. जूननंतर कोण आणणार, तुम्ही?"

साहेबांनी फाइल सरकवली. मी आर.आय.आर. लिहिलं. ऱ्होड आयलंड रेड. जुनी, तांबडी, भरल्या अंगाची जात. अंडी बऱ्यापैकी, कोंबडा वजनाला चांगला, आणि पिल्लू हुबेहूब आईसारखं. पावसाळ्यात गावात तलंगा उतरवल्या. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी. बरोबर त्यांच्या हिशोबाने कोंबडे. बायकांना हातात धरून शिकवलं. शेपटीखाली दोन बारीक हाडं लागतात. त्यांच्यामध्ये तीन बोटं बसली तर कोंबडी अंड्यावर आहे. एकच बोट बसलं तर नाही. वेणूबाईने नंतर ते अख्ख्या गावाला शिकवलं.

मग मी एक सूचनापत्रक काढलं. मराठीत, मोठ्या अक्षरांत. त्यातला चौथा नंबर असा होता: 'खुडूक झालेली कोंबडी कळपातून काढून टाकावी.' आणि पाचवा: 'गावरान कोंबड्या वेगळ्या कराव्यात, जात शुद्ध राहावी.' खालती प्रत्येकीची सही.

खुडूक म्हणजे अंडी देणं थांबवून उबवायला बसलेली कोंबडी. पिसं फुलवते, जागची हलत नाही, हात घातला की चोच मारते. आर.आय.आर.मध्ये अशा कमीच निघतात. पुस्तकाच्या हिशोबाने ती तोट्याची, कारण दाणे खाते आणि अंडं देत नाही. पिल्लं काढायला मशीन असते. आम्हीही गटाला एक छोटं मशीन दिलं होतं, विजेवर चालणारं.

बायकांनी सूचना पाळल्या. खुडूक कोंबड्या विकल्या, काही शिजल्या. गावरान कोंबड्या पाहुण्यांकडे गेल्या.

प्रोजेक्टची मुदत मे अखेर. म्हणून मी एप्रिलच्या शेवटी मशीनमध्ये अंडी भरायला लावली. वेणूबाईची सासू ओट्यावरून बघत होती. सगळे तिला मोठी माय म्हणायचे.

"हे डॉक्टरीन काय वं? वैशाखात कोनी अंडे बसवते काय?"

"माय, मशीनले काय वैशाख अन् काय पूस," मी म्हणाले. गावात गेले की माझी बोली आपोआप परत येते. अक्कल मात्र त्या दिवशी आली नाही.

नागपूरकडचा मे. रोज दुपारी लाइन जायची. मशीन कधी थंड, कधी भट्टी. एकविसाव्या दिवशी पिल्लू बाहेर यायला हवं. बाविसाव्या दिवशी मी झाकण उघडलं, आणि वासाने बायका मागे सरकल्या. एकही टवका गेलेलं अंडं नव्हतं.

बायकांनी ती अंडी पाटीत भरून उकिरड्यावर नेली.

मी बाहेर ओट्यावर येऊन बसले. आणि मला टालीमागची खोली आठवली. आईची एक खुडूक होती, कबरी. ती बसली की शेजारच्या बाया यायच्या, "तुही खुडूक दे वं उसनी." जशी साखर उसनी मागतात तशी. आई द्यायची. कोंबडी तीन-तीन महिने दुसऱ्यांच्या घरी मुक्कामाला, आणि परत यायची ती एक-दोन पिल्लं घेऊनच. आई म्हणायची, "बसून राहिली तं तिले हात नको लावू, पोरी. ते आपलं काम करून राहिली." उन्हाळ्यात फार अडलं तर घमेल्यात ओली माती, वर भुसा, त्यावर अंडी, आणि घमेलं पाण्याच्या माठाजवळ.

हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मग डिग्री घेऊन आले आणि पहिलं काम काय केलं, तर तिलाच यादीतून काढलं.

"वेणूबाई, गावात एखादी खुडूक उरली असंल काय?"

ती पदराशी खेळत राहिली. मग म्हणाली, "म्याडम, रागावसान तं नाही?"

"नाही."

"चार नंबरवर मी सही केली. पन कोंबडी नाही काढली. मोठ्या मायच्या खोलीत ठेवली."

"काहून?"

"काहून म्हंजे? ते पोरं वागवाले तयार बसली, अन् तुमी म्हनता काढून टाका!"

मोठी माय आतून ओरडली, "रोज दाना मी टाकून राहिली, अन् सही हिची!"

मी आत गेले. कवेलूच्या छपराखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात, टोपलीत तांबडी कोंबडी. पिसं फुललेली. हात पुढे केला तर खाडकन चोच. इतकं बरं मला प्रमोशनच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

घमेलं आणलं. ओली माती मी स्वतः थापली. भुसा नव्हता, भाताची तणस घातली. त्यावर तेरा ताजी अंडी. माठ शेजारी सरकवला. मोठी माय बघत होती.

"हे कालेजात शिकवते?"

"नाही माय. हे घरी शिकली."

"मंग मशीन कायले आनलं?"

मी कोंबडी टोपलीतून उचलून घमेल्यातल्या अंड्यांवर बसवली.

सातव्या दिवशी अंडी टॉर्चवर धरली. आत लाल शिरांचं जाळं दिसलं की अंडं जिवंत. अकरा जिवंत होती. मुदत टळली, साहेबांचे फोन आले, मी ऐकून घेतले. एकविसाव्या दिवशी सकाळी वेणूबाईचा फोन आला. तिने फोन सरळ घमेल्याजवळ धरला. मला चिवचिव ऐकू आली. नऊ पिल्लं. माझ्या रिटायरमेंटला अठरा दिवस राहिले होते.

शेवटच्या आठवड्यात मी सूचनापत्रक बदलून साहेबांपुढे ठेवलं. नवीन चौथा नंबर: 'खुडूक कोंबडी जपावी. शेजारणीला उसनी द्यावी. तिच्या पिल्लांतल्या तलंगा विकू नयेत, त्याही पुढे खुडूक होतात.' पाचवा नंबर काढूनच टाकला, कारण गावरान कोंबड्याच जास्त खुडूक होतात.

"मॅडम, पुस्तकात तर उलटं आहे."

"पुस्तक अंड्यांच्या फार्मसाठी आहे, साहेब. तिथे पिल्लं दुसरा कोणी पुरवतो. इथे कोणी पुरवणार नाही."

त्यांनी सही केली. निरोप समारंभ तोंडावर होता, त्यामुळेही असेल.

आता मी नागपूरजवळ बेसाला राहते. फ्लॅटमध्ये कोंबड्या ठेवू देत नाहीत. आई हे सगळं बघायला नव्हती. असती तर हसली असती, आणि कबरीचं नाव काढलं असतं. मागच्या महिन्यात त्या गावी जाऊन आले. ओट्याओट्यावर तांबड्या कोंबड्या. वेणूबाईची खुडूक तेव्हा चार घरं पलीकडे उसनी गेलेली होती. आमच्या त्या कोंबडीची ती पणती.

मी शिकले ते एवढंच, की सूचना लिहिण्याआधी ज्यांनी आपल्याला वाढवलं त्यांची कामाची पद्धत आठवून बघावी.

मी रिटायर झाल्यापासून त्या गावातून पिल्लं मागायला कोणी सावनेरच्या ऑफिसात आलेलं नाही.