खांबाजवळची जागा

कंपनीच्या बसमध्ये कुठल्याच सीटवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं, पण चुकून दुसऱ्याच्या जागेवर बसलात तर अख्खी बस तुमच्याकडे बघते. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, स्कूटर बनवणाऱ्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर होते. बसमध्ये त्यांची जागा ड्रायव्हरच्या मागची, खिडकीची. ते आजारी असले तरी ती रिकामी राहायची. शेजारी बसणारा त्यांचा मित्र तिच्यावर रुमाल टाकून ठेवायचा.

निवृत्तीच्या दिवशी घरच्यांना कंपनीत बोलावतात, म्हणून परतताना मीही त्याच बसमध्ये होतो. उतरायच्या आधी अण्णांनी आपल्या खात्यातल्या एका नव्या माणसाला हाक मारली, हातात नारळ आणि पेढ्यांचा पुडा दिला, आपल्या जागेवर बसवलं, खांदा दाबला आणि म्हणाले, "आता ही तुझी. सांभाळ." बसने टाळ्या वाजवल्या. मला तेव्हा हसू आलं होतं. आज मी स्वतः चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, रोज बसने जातो. माझी जागा मागच्या चाकावरची, खड्डा आला की कंबर मोडणारी. तरी ती कुणाला द्यायची हे माझं ठरलेलं आहे.

निवृत्त झाल्यावर अण्णांनी नवी जागा धरली. आमच्या चिंचवडच्या घरापासून जवळच मंडई आहे आणि तिला लागून महापालिकेचं तीन मजली वाहनतळ. तळमजल्यावर रॅम्पशेजारी एक जाड खांब आहे. तिथे पाऊस येत नाही, ऊन येत नाही आणि समोरून मंडईत जाणारी सगळी माणसं दिसतात. रोज सकाळी अण्णा आपली जुनी पेट्रोलची स्कूटर त्या खांबाला खेटून लावत. शेजारी त्यांच्या बसमधल्या मित्राची, पुढे आणखी दोघांची. मग आपापल्या सीटवर आडवे बसून, मंडईतल्या टपरीवरून चहा मागवून, यांची सभा सुरू. भाज्यांचे भाव, कुणाचं कुठलं ऑपरेशन, आजकालच्या गाड्यांचा पत्रा किती पातळ. पायऱ्या चढायला अण्णांचा गुडघा तयार नसतो, त्यामुळे वरचे मजले त्यांच्यासाठी नव्हतेच. पावती फाडणारा गडी चाकणकडच्या एका गावचा. तो अण्णांच्या आधी येऊन खांबाजवळ एक वीट ठेवायचा आणि ते आले की उचलायचा. आई गेल्यानंतर अण्णांना घरातून बाहेर काढणारी तेवढी एकच गोष्ट होती.

ती मी घालवली.

माझी बायको एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करते. पहाटे निघते, निगडी, आकुर्डी, रावेत असं फिरून नमुने लॅबमध्ये पोचवते आणि नऊच्या सुमारास परत येते. या कामासाठी तिने विजेवरची स्कूटर घेतली. गाडी उत्तम, पण आमची इमारत जुनी. पार्किंग म्हणजे उघडं आवार, तिथे साधा प्लगसुद्धा नाही. मी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून वायर खाली सोडली. कंपनीत अशी वायर दिसली असती तर मीच आधी तोडायला लावली असती, आणि घरी मीच तिला पावसापासून वाचवायला प्लॅस्टिकची पिशवी बांधत होतो. शेजाऱ्यांनी हरकत घेतली. ती योग्यच होती.

मग मी महापालिकेच्या प्रभाग सभेत उभा राहिलो. सार्वजनिक वाहनतळात ठराविक जागा चार्जिंगसाठी राखून ठेवायलाच हव्यात असा नियम आहे, मग आमच्या वाहनतळात का नाहीत, असं विचारलं. माणसांपुढे बोलायची मला सवय नाही, घरून लिहून नेलेलं वाचून दाखवलं. पण काही महिन्यांनी खरंच काम आलं. ज्युनियर इंजिनियर पाहणीला आला तेव्हा गुरुवार होता, माझ्या साप्ताहिक सुट्टीचा वार, म्हणून मी मुद्दाम हजर राहिलो. त्याने सहज विचारलं, तुम्ही मेंटेनन्सवाले ना, तुम्हाला काय वाटतं, कुठे बसवू या? मी खांबाकडे बोट केलं. विजेची पेटी शेजारीच, केबल आखूड लागेल, पाणी साचत नाही. तांत्रिक उत्तर तेच होतं. कंपनीत आम्ही असंच करतो. जमिनीवर रंगाची रेघ मारली की विषय संपला.

ती जागा कुणाची हे मला बोट करताना ठाऊक होतं. अण्णा समजून घेतील, असं मी मनाला सांगितलं. ते समजून घेतील म्हणजे मला त्यांच्याशी बोलावं लागणार नाही, असा त्याचा खरा अर्थ होता.

संध्याकाळी जेवताना मात्र मी सांगून टाकलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि विचारलं, "रंग कुठला मारनार?"

हिरवा, म्हणालो.

"बरं," म्हणाले आणि वरण मागितलं.

मला वाटलं, संपलं. पण चार्जर बसला, हिरवा पट्टा वाळला, आणि दुसऱ्या दिवशी अण्णांची स्कूटर बरोबर हिरव्यावर उभी. शेजारी मित्राची, पुढे आणखी दोघांची. कळस म्हणजे अण्णांनी आपला रुमाल चार्जरवर टाकला होता. बसचा नियम त्यांनी वाहनतळाला लावला होता. रुमाल आहे, म्हणजे जागा धरलेली आहे. त्या पावतीवाल्या गड्याची पंचाईत झाली. 'फक्त चार्जिंगसाठी' असा नवीन फलक त्याच्या डोक्यावर लटकत होता आणि खाली अण्णा चहा पीत बसले होते. बायको स्कूटर घेऊन आली तर तो तिला गेटवरच गाठून हळूच म्हणाला, "ताई, आमी काय बोलनार आण्णास्नी? तुमीच बगा."

तिने वरच्या मजल्यावर गाडी लावली आणि चालत घरी आली. अण्णांना ती पहाटे कामाला निघताना चहा करून झाकून ठेवते आणि दुपारी त्यांच्या गुडघ्याला तेल लावून देते. त्या दिवशीही दिलं. अण्णाही तिच्याशी नेहमीसारखेच बोलले. दोघांमध्ये भांडण नव्हतं, फक्त एक खांब होता. दुपारी सभा उठली की हिरव्यावर मंडईत आलेल्यांच्या पेट्रोलच्या गाड्या घुसत. गाडी अर्धीमुर्धी चार्ज व्हायची ती पुन्हा रात्री आवारात, माझ्या गॅलरीच्या वायरीवर, शेजारी झोपल्यावर, चोरून.

मला अपराधी वाटायला फारसं कारण लागत नाही. बसमध्ये कुणी माझ्या पायावर पाय दिला तरी सॉरी मीच म्हणतो, असं बायको सगळ्यांना सांगते, आणि ते खरं आहे. त्या दिवसांत मी दोघांच्या मध्ये फिरत होतो. अण्णांना म्हणे, चुकलंच माझं. ते पेपरमधून डोकं वर काढत नसत. बायकोला म्हणे, माझ्यामुळे तुझे हाल होताहेत. एकदा ती वैतागली. "अहो, तुम्ही माफी मागायला लागलात की समोरचा चहा गार होतो. अण्णांना जागा पाहिजे, मला चार्जिंग पाहिजे. माफी कुणालाच नकोय."

मग अण्णांना तिथून हलायला सांगू का, मी विचारलं.

"अजिबात नाही," ती म्हणाली. "ते तिथे गेले नाहीत तर दिवसभर घरात भिंतीकडे बघत बसतील. मी बघते माझं."

व्हायचं ते एका सकाळी झालंच. आकुर्डीतले नमुने घेऊन ती लॅबकडे निघाली असताना गाडी आचके देत थांबली. पायाशी बर्फाची पेटी, पेटीत कुणाकुणाचं रक्त, आणि ते वेळेत पोचलं नाही तर त्या सगळ्यांना पुन्हा सुई. तिने मला फोन केला नाही. मी कारखान्यात कामावर असताना माझा मोबाइल गेटवरच्या लॉकरमध्ये असतो, हे तिला माहीत आहे. तिने अण्णांना केला.

पुढचं मला अण्णांच्या मित्राने सांगितलं, हातवारे करून. फोन येताच अण्णा चहाचा ग्लास तसाच ठेवून उठले. स्कूटर किकला दाद देईना, तेव्हा तिला आडवी करून, कारखान्यात शिव्या द्यायचे तशी एक शिवी देऊन चालू केली. मित्र त्याच्या गाडीवर मागोमाग. आकुर्डीला सूनबाई रस्त्याच्या कडेला पेटी मांडीवर घेऊन बसलेली. अण्णांनी तिला मागे बसवलं आणि लॅब गाठली. विजेची स्कूटर मित्राने ढकलत नेली आणि ओळखीच्या माणसाकडे ठेवली. तो माणूस पेट्रोल पंपावर होता. विजेची गाडी पेट्रोल पंपावर आसऱ्याला, म्हणून ते चौघे नंतर कितीतरी दिवस हसत होते.

वाटेत अण्णा आणि बायको काय बोलले ते मला दोघांनीही सांगितलेलं नाही. बायको एवढंच म्हणाली, की सिग्नलला थांबल्यावर अण्णांनी विचारलं, रोज किती चार्जिंग लागतं तुला? तिने सांगितलं.

त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी अण्णांनी मला हाक मारली आणि नारळ आणि पेढे आणायला सांगितले. कशाला, विचारलं तर म्हणाले, आण म्हटलं की आणावं.

वाहनतळात गेलो तर सभा उभी होती. एरवी सगळे बसलेले असतात. अण्णांनी चार्जरवरचा रुमाल काढला, झटकला, घडी करून खिशात ठेवला. आपली स्कूटर स्टँडवरून काढून स्वतः मागे घेतली. मी हात लावायला गेलो तर नको म्हणाले. मग बायकोला स्कूटर आत घ्यायला सांगितली. नारळ ते खांबापाशीच फोडणार होते. मी घाबरून म्हणालो, अण्णा, तिथे वीज आहे, पाणी जाईल. त्यांच्या मित्राने माझ्याकडे बघून मान हलवली, "याला नारळातपण शॉर्ट सर्किट दिसतं, राव." शेवटी नारळ रॅम्पच्या कडेला फुटला. अण्णांनी बायकोला तिच्या गाडीवर बसायला लावलं. ती लाजली, पण बसली. त्यांनी तिचा खांदा दाबला.

"आता ही तुझी," म्हणाले. "सांभाळ, बाळ."

ड्रायव्हरच्या मागची ती सीट, टाळ्या वाजवणारी बस, सगळं मला आठवलं, आणि आता हसू आलं नाही. गड्याने पेढा तोंडात टाकला, डोळे पुसले आणि म्हणाला, धूळ लई हाय इथं.

पण अण्णांच्या हातून एक चूक झालीच होती, आणि ती त्यांच्यासारख्या माणसाकडूनच व्हावी अशी होती. त्याच आठवड्यात विजेची रिक्षा चालवणारे एक गृहस्थ चार्जिंगला आले, तर अण्णांनी त्यांना परत पाठवलं. जागा धरलेली आहे, सूनबाईची आहे, असं सांगून. गड्याकडून हे कळलं तेव्हा बायको अण्णांशेजारी जाऊन बसली आणि तिने समजावलं, की ही बसमधली सीट नाही. विजेवरची गाडी असेल त्या कुणालाही इथे लावता येते, नियम त्यासाठीच आहे. अण्णांना हे पटायला वेळ लागला. ज्याची त्याची ठरलेली नाही, अशी जागा त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती.

"मंग मी तुला दिलं काय?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सोडलीत, तेच दिलं," ती म्हणाली.

आता सभा खांबाच्या पलीकडे, गड्याच्या टेबलाशेजारी भरते. जागा अरुंद आहे. अण्णांची स्कूटर जिन्याखाली तिरकी घालावी लागते आणि मोठ्या स्टँडवर चढवावी लागते. रोज ते काम गडी करतो, गुरुवारी मी. कुणी पेट्रोलची गाडी हिरव्यावर लावायला लागला तर हे चौघे बोलत नाहीत, फक्त बघतात. चाळीस माणसांच्या बसमध्ये शिकलेलं ते बघणं आहे. माणूस गाडी काढतो. ते रिक्षावाले गृहस्थ चार्जिंग होईपर्यंत यांच्यातच चहाला बसतात.

मागच्या गुरुवारी स्कूटर जिन्याखाली घालताना अण्णा माझ्याशेजारी उभे होते. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी पुन्हा ते काढलंच. म्हणालो, अण्णा, त्या इंजिनियरला जागा दाखवायच्या आधी मी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं.

त्यांनी स्कूटरचा आरसा आत वळवला.

"इचारलं असतंस तर मी न्हाई म्हनलो असतो," ते म्हणाले. "मंग काय केलं असतंस?"

हँडल माझ्या हातात तसंच राहिलं.

"तेच म्हनायलो," अण्णा म्हणाले. "चढव आता स्टँडवर. चहा येईल."