भोंगा वाजला नाही तर

परळला आमच्या चाळीखाली व्यायामशाळेची एक खोली आहे. तिथे मी दोन वर्षं सातवीच्या मुलांची शिकवणी घेतली. आता शिकवणी बंद आहे. कुणी विचारलं तर सांगतो, बी.ए.चा अभ्यास वाढला, वेळ मिळत नाही. हे खोटं नाही. पण खरं कारण तेवढंच नाही, आणि ते मला नीट सांगता येईल की नाही, शंका आहे.

शिकवणी सुरू केली त्याला कॉलेजातला एक तास कारण झाला. तेव्हा जिकडेतिकडे संयुक्त महाराष्ट्राची चर्चा. आमच्या प्राध्यापकांनी विचारलं, "भाषेवरून राज्य करावं का? पुस्तकातलं नको, तुमचं मत सांगा." मी उभा राहिलो. दोन पुस्तकांत काय लिहिलंय ते मला पाठ होतं. माझं मत मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. मग फणसवाडीत राहणारा एक मुलगा उठला आणि सहज बोलत गेला. त्याच्या घरी म्हणे जेवताना वाद चालतात. आमच्या घरी जेवताना कुणी बोलत नाही. लवकर उठून पुढच्या पाळीच्या माणसाला पाट द्यायचा असतो.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वाटलं, आपल्या चाळीतल्या मुलांवर ही वेळ येऊ नये. त्यांना विचार करायला शिकवावं. कसं शिकवतात ते मलाही ठाऊक नव्हतं.

मुलं उत्तरं तालात म्हणायची, माना हलवत. त्यांना थांबवून मी एकदा विचारलं, "उद्या सकाळी गिरणीचा भोंगा वाजलाच नाही तर काय होईल?"

"संप!" सगळे ओरडले.

"समजा, संप नाही."

"मग हरताळ."

"हरताळही नाही."

"मग गोळीबार झाला असेल, दादा," एक जण म्हणाला. कुणी हसलं नाही. गोळीबाराला तेव्हा फार दिवस झाले नव्हते.

मी घाईने म्हटलं, "कल्पना करा रे. म्हणजे असं, की चिमण्यांना वाटेल आज रविवार आहे." पुढच्या खेपेला तोच प्रश्न विचारला, तर सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "चिमण्यांना वाटेल आज रविवार आहे!" पाठोपाठ मागून प्रश्न आला, "दादा, हे फायनलला किती मार्कांना येतं?"

त्या दिवशी एक मुलगी चिमण्यांचं बोलली नव्हती. तिची आई वरच्या मजल्यावर गिरणीतल्या गाववाल्यांसाठी खानावळ चालवायची. आईने तिला सांगून ठेवलं होतं, की सातवीची फायनल पहिल्या झटक्यात पास झालीस तर हायस्कुलात घालीन, नाहीतर चूल आहेच. चाळीत सगळ्यांना हे माहीत होतं.

"माझं वेगळं आहे. चालेल?" तिने विचारलं.

"सांग."

"भोंगा वाजला नाही तर आई उठणार नाही. माणसं ताटं घेऊन बसतील आणि एकमेकांना विचारतील, भाकरी कोण करतं?"

पोरं हसली. "ए, तुझी आई भोंग्याच्या आधी उठते. आमची झोपमोड तिच्या भाकऱ्या थापण्यानेच होते!"

तिने त्यांच्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाली, "हो की. मग आईला कोण उठवतं?"

  त्या दिवशी घरी जाताना मी जिना दोन दोन पायऱ्यांनी चढलो.

नंतर ती रोज काहीतरी विचारायची. दोघीतिघी तिच्यासारखं करू लागल्या. मला खरंच वाटलं, की हे जमतंय. एकदा तिची आई मुलीची तक्रार घेऊन, पदराला हात पुसत खाली आली. "झिला, तू कॉलेजात जातंस, बरां आसा. पण माझ्या चेडवाच्या डोक्यात काय भरलंस? काल भावाक म्हणता, आज भाकरी तू थाप."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. मुलीचा शाळेतल्या चाचणीचा पेपर त्यांनी माझ्यासमोर धरला. "ह्या वाच. माका वाचूक येत नाय, पण ह्यो भोपळो दिसता."

प्रश्न होता, गिरण्यांचे फायदे लिहा. पुस्तकात चार फायदे दिलेले आहेत. तिने लिहिलं होतं, 'फायदा कोणाचा ते प्रश्नात सांगितलेले नाही. मालकाचा असेल तर पुढीलप्रमाणे. माझ्या वडिलांना खोकला झाला आहे.' खाली लाल शाईत शून्य होतं आणि शेरा: उत्तर पुस्तकात आहे.

"उत्तर चूक नाही, मावशी," मी म्हणालो.

"मगे भोपळो कित्याक?"

 शाळेत जाऊन मास्तरांना भेटावं असं मनात आलं. दोनदा फाटकापर्यंत गेलोही. पण त्यांच्यापुढे साठ मुलं असतात आणि ते तरी काय करणार, असं वाटून परतलो.

पुढच्या आठवड्यात ती सगळ्यांच्या आधी आली. "दादा, आता तुम्ही उत्तरं सांगा. मी पाठ करते."

"तुला स्वतःला लिहिता येतं की."

"येतं म्हणून तर शून्य मिळालं."

"फायनलला दुसरे तपासनीस असतात."

"तुम्ही त्यांना ओळखता?"

"नाही."

"मीपण नाही. त्यांच्या हातात पुस्तक असणार, एवढंच मला माहीत आहे. आणि मला एकदाच बसायला मिळणार आहे."

कुठे खोट काढावी तेच कळेना. दोन वर्षांत त्या खोलीत इतका पक्का विचार कुणी बोलून दाखवला नव्हता, मीही नाही. मी पुस्तक उघडलं आणि सांगायला लागलो. ती मान हलवत म्हणू लागली. मुलं आली तशी त्यांनीही सूर धरला. थोड्या वेळाने तिचा आवाज वेगळा ओळखू येईना.

ती पास झाली. चांगल्या मार्कांनी. तिची आई तिला घेऊन पेढे द्यायला आमच्या खोलीत आली. माझ्या आईने मुलीच्या गालावरून हात फिरवला. मी विचारलं, "हायस्कुलात कोणता विषय आवडेल असं वाटतं तुला?"

तिने हात मागे बांधले आणि ती सरळ उभी राहिली.

"तुम्ही सांगाल तो, दादा."

तिची आई समाधानाने हसली. मी पेढा तोंडात टाकला, म्हणजे लगेच काही बोलावं लागणार नव्हतं.