लिंबाचं कलोन

दांडी गावात सुके बोंबील विकायला निघाले की ढिगाजवळ आधी एकनाथला बोलवत. तो मूठभर बोंबील उचलायचा, नाकाला लावायचा आणि सांगायचा, "वरचे घे. खालचे आजून दोन उन्हं मागतात." त्याच्या बोलण्यावर कुणी हुज्जत घालत नसे.

पासष्ट साली होडी वर ओढताना दोर तुटला आणि होडीची कड त्याच्या उजव्या खांद्यावर आली. हाड सांधलं, पण वाकडं. जाळं ओढणं संपलं. तारापूरकडं बिजलीघराचं बांधकाम चालू होतं. तिथं एका ठेकेदाराकडं तो खडी वाहू लागला. घमेलं डोक्यावर चढवायला दोन हात लागतात. त्याला भागी चढवून द्यायची. भागी जव्हारच्या बाजूची, भातकापणी उरकून दरवर्षी कामाला खाली उतरणारी. वर्षभरात त्याचा डावा खांदाही बोलू लागला. आणखी एक वर्ष निघणार नाही, हे त्याला कळत होतं. भागीलाही कळत होतं.

तेवढ्यात स्टोअरमध्ये बसून हत्यारं देण्या-घेण्याला माणूस हवा झाला. दोन दिवस एकनाथला बसवून पाहिलं. कुठला पाना कुठल्या नटाला, ते त्यानं पहिल्याच दुपारी पाठ केलं. एकही हत्यार चुकलं नाही. तिसऱ्या दिवशी स्टोअरकीपर म्हणाला, "काम तेरा अच्छा है. लेकिन तेरे से मछली की बू आती है. बंद कमरा है, मैं बैठ नहीं सकता. महीने के आखिर तक देखूँगा, नहीं तो दूसरा आदमी."

रविवारी एकनाथ पालघरला गेला. स्टेशनजवळच्या कटलरीच्या दुकानदारानं त्याच्या मनगटावर बाटली टेकवली. "लिंबाचं कलोन. फुलाफुलांचं नाही, पुरुषांचं आहे. दाढी झाली की रोज लावायचं."

एकनाथनं बाटली घेतली. पण रोज लावायचं तर ते दिवसभर टिकलं पाहिजे. त्यानं ते तपासायचं ठरवलं आणि नीट तपासलं. पहिल्या दिवशी दाढीनंतर गालाला लावलं. लावताक्षणी हिरव्या लिंबाची साल नखानं सोलावी तसा वास आला. कामाच्या भोंग्यापर्यंत तो उडाला. दुसऱ्या दिवशी मानेला खोबरेल लावून त्यावर लावलं. लिंबू जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुरलं, मग संत्र्याच्या सालीसारखं थोडं कडू झालं, शेवटी नुसता साबण राहिला. तिसऱ्या दिवशी सदऱ्याच्या कॉलरला. तिथं ते संध्याकाळपर्यंत होतं. घामात बिघडत नव्हतं, डोकं चढत नव्हतं. पसंत.

त्यानं शेजारच्या जानूला हुंगायला लावलं. जानू म्हणाला, "लिंबू. दुसरा काय नाय. नवरदेव झालास काय रं?" एकनाथची बायको हंसा बांबूंच्या मांडवावर बोंबील टांगत होती. तिनं कॉलर हुंगली. "लिंबूच हाय."

तोवर तो खडीवरच होता. भागी घमेलं चढवताना हसली. "लिंबू पिळलेला मासा!"

"तुजं नाक डोंगरातलं," एकनाथ चिडून म्हणाला. "तुला समिंदराची हवाच माशावानी लागते."

आठव्या दिवशी तो स्टोअरच्या दारात जाऊन उभा राहिला. स्टोअरकीपरनं नाकाला रुमाल लावला. "ये तो पहले से भी बुरा है."

महिना संपायला बारा दिवस होते. एकनाथ खडीच्या ढिगाजवळ येऊन भागीसमोर बसला. "खरं सांग."

"पैल्याच दिशी सांगितला. तुला येत नाय, तू त्यातच हायस. माज्या लुगड्याला काय वास येतो?"

"धुराचा."

"मला नाय येत," भागी म्हणाली.

एकनाथनं मनात मोजलं. तीन दिवसांची तपासणी, जानूचं नाक, हंसाचं नाक, स्वतःचं नाक. सगळी एकाच अंगणातली.

त्यानं घरी सांगितलं की बारा दिवस मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांत राहीन. हंसाचे हात थांबले. "माजा वास येतो म्हनून?"

"मला नाय येत. त्याला येतो."

नवा सदरा त्यानं घरात आणलाच नाही. सोड्यानं धुतला, खोलीबाहेर वाळवला. रोज विहिरीवर अंग राखेनं घासलं, नखांखाली काडी फिरवली. मासा खाल्ला नाही. रोज सकाळी भागीपुढं उभा राहायचा. ती हुंगायची आणि नाही म्हणून मान हलवायची. दहाव्या दिवशी ती म्हणाली, "आज नाय." मग त्यानं कॉलरला कलोनचे दोन थेंब लावले. महिनाअखेर स्टोअरकीपरनं खिशातला रुमाल बाहेर न काढता त्याच्याकडं किल्ल्या दिल्या.

रविवारी दुपारी तो घरी निघाला. गावाच्या वळणावर त्याच्या नाकात कसला तरी वास शिरला. कुणाच्या तरी ढिगाला ओल लागली, असं वाटून त्याचे पाय आपोआप तिकडं वळले. बोंबील खडखडीत वाळलेले होते, वरचे आणि खालचेही. पुढच्या मांडवाशी तोच वास, त्याच्या पुढच्याशीही. अंगणात पोचला तेव्हा तो सर्वात दाट होता.

जानू मूठभर बोंबील घेऊन आला. "बरा आलास. उद्या सातपाटीचा गिऱ्हाईक येतो. बघ रं, दिऊ?"

एकनाथनं नाकाला लावले. उन्हं कळेनात, ओल कळेना. सगळा एकच घाणेरडा वास. त्यानं पुन्हा लावले, डोळ्यांत पाणी आलं. "दुसऱ्याला दाव," तो म्हणाला.

"सायब झाला!" जानू हसत गेला.

एकनाथनं सदरा काढून खुंटीला अडकवला. हंसानं ताट वाढलं आणि शेजारी बसली. एकनाथचा श्वास क्षणभर अडला. तिनं ते पाहिलं.

"आला ना?"

"नाय."

"ढिगाला नाक लावून तुमी कदी खोटं नाय बोललात," ती म्हणाली.

तो जेवला. ताटात भात आणि वाल होते. मासा तिनं केलाच नव्हता. मग ती उठली, खुंटीवरचा त्याचा सदरा दोन बोटांनी उचलला आणि अंगणापलीकडं, वाऱ्याच्या वरच्या बाजूला असलेल्या सुरूच्या झाडाला नेऊन टांगला.

"ऊन हाय तंवर निघा," ती म्हणाली. "कापडाला वास लागंल."